रिव्हरला दाजींनी पॉटभर बेट लावली, पुतण्यानं पॅक केलं. बरोबर का चूक?

येळवस_लातूर

आधी डाव सांगतो, गप्पा नंतर.

टेक्सास होल्डेम पोकर (प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मधली पाच सगळ्यांची), सहा जण, प्रत्येकाकडे २०० चिंचोके. वीस चिंचोक्यांचा एक सागरगोटा. पैसे नाहीत, कोणी विचारायच्या आत सांगून ठेवतो. ब्लाइंड (दोघांनी पानं बघायच्या आधीच घालायचे) १ आणि २. मी फक्त पानं वाटत होतो. बटनवर, म्हणजे फ्लॉपपासून शेवटी बोलायच्या जागी, आमचे दाजी, त्यांनी ६ केले. मोठ्या ब्लाइंडवर पुतण्या, त्यानं कॉल केला (तेवढेच घातले). बाकीचे पॅक (पानं टाकली). पॉट, म्हणजे मधे जमलेले, १३.

फ्लॉप (मधली पहिली तीन पानं): बदाम राजा, बदाम नव्वी, किल्वर चव्वी. पुतण्या चेक (काही लावलं नाही), दाजी ६, पुतण्या कॉल. पॉट २५.

टर्न (चौथं पान): इस्पिक सत्ती. चेक, १५, कॉल. पॉट ५५.

रिव्हर (पाचवं, शेवटचं पान): चौकट दुर्री. पुतण्या चेक. दाजींनी दोन सागरगोटे आणि पंधरा चिंचोके मोजून पुढं सरकवले. म्हणजे ५५, पॉटभर.

पुतण्याकडं इस्पिकचे राजा-दश्शी, राजाची जोडी. त्यानं बराच वेळ घेतला, दाजी तोवर निवांत शेंगा फोडत होते. शेवटी पुतण्यानं पानं टाकली. दाजींनी आपली दोन पानं पालथीच माझ्याकडं फेकली आणि चिंचोके ओढून घेतले. पालथी पानं माझ्याच हातात आली, पण बघितली नाहीत. टाकलेलं पान बघायचं नसतं.

मग शेतात जो वाद पेटला तो आंबील संपली तरी मिटला नाही. थोरल्या भावाचं म्हणणं, राजाची जोडी कोण टाकतं व्हय? चुलते म्हणाले, दाजी खोटं लावणारा माणूसच नाही, बरं झालं टाकली. पुतण्या पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, त्यानं कुठंतरी वाचलेलं, "पॉटभर बेटला निम्म्या वेळा तरी डिफेंड करायला पाहिजे, नाहीतर समोरचा लुटतो." शेजारच्या शेतातले एकजण म्हणाले, आधीच २७ घातले होते, आता ५५ ला कशाला घाबरायचं.

माझं मत असं की पॅक बरोबर होतं, पण वर जी कारणं दिली गेली त्यातलं एकही पटण्यासारखं नाही. शेवटच्या फेरीत अजून पान यायचं नसतं, नशिबाला वाव संपलेला असतो. तिथं बचाव कसा करायचा, जाणकारांनी सांगावं.

तीनपत्ती_काका

लेकरा, येवढा इचार कशाला. तीनपत्तीत दोघं उरले की शो मागायचा, पैसे टाकायचे, पानं बघायची, विषय संपला. तुमच्या ह्या पोकरात सगळेच मधली पाच पानं बघूलालेत आन तरी बी एकमेकाला खोटं सांगूलालेत. आमच्या परभणीत दाजीनं पॉटभर लावलं तर मेव्हण्यानं पॅकच करायचं असतं, दिवाळीला परत जावं लागतं त्यांच्या घरी.

येळवस_लातूर

काका, हा मुद्दा कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही 😄 पण हे दाजी आमच्याकडं आले होते, आम्ही त्यांच्याकडं नाही.

कायद्याचं_बोला

धाग्याला आक्षेप नाही, पण नवीन वाचकांसाठी लिहून ठेवतो. पैसे लावून ऑनलाइन खेळ आता देशभर बंद आहे. त्याचा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्यात कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ असा फरक ठेवलेला नाही, त्यामुळे "पोकर हा कौशल्याचा खेळ आहे" हा जुना युक्तिवाद तिथं उपयोगी पडत नाही. घरात किंवा शेतात पैसे लावून बसाल तर १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. चिंचोक्यावर खेळा, मजेत खेळा. इथं कोणी अ‍ॅपच्या लिंका टाकू नका.

फळ्यावरचा_खडू

पुतण्यानं जे वाचलंय ते खरं आहे, पण तो दोन वेगळे आकडे एकात मिसळतोय. बहुतेकांची गाडी इथंच घसरते, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला आकडा कॉलची किंमत. पॉट ५५, बेट ५५. तुम्ही ५५ टाकले की पॉट १६५ होतो. म्हणजे १६५ मधले ५५ तुमचे, तिनातला एक. तीन वेळा कॉल करून एकदा जिंकलात तरी बरोबरी. हा आकडा तुमच्या हातातल्या एका पानजोडीबद्दल बोलतो. मी जिंकायची शक्यता ३३ टक्क्यांहून जास्त आहे का, एवढाच प्रश्न.

दुसरा आकडा दाजींच्या बाजूचा. ते ५५ धोक्यात घालून ५५ जिंकायला बघतायत. पुतण्या निम्म्याहून जास्त वेळा पॅक करत असेल, तर दाजी हातात काहीही नसताना, डोळे मिटून लावत राहिले तरी फायद्यात. म्हणून निम्म्या वेळा टिकायचं. पण हे "निम्मं" पुतण्याच्या सगळ्या संभाव्य हातांचं आहे. रिव्हरपर्यंत तो जे जे हात घेऊन येऊ शकतो, त्यातले चांगले निम्मे त्यानं ठेवायचे. राजा-दश्शी त्या वरच्या निम्म्यात येते का, हा वेगळा प्रश्न.

पॉट १०० धरला तर बेट २५ असताना जिंकायची गरज १७ टक्के आणि टिकायचं ८० टक्के. बेट ५० ला गरज २५, टिकायचं ६७. बेट १०० ला गरज ३३, टिकायचं ५०. बेट २०० ला गरज ४०, टिकायचं फक्त ३३. बेट फुगत जाते तसं जास्त टाकायला मोकळीक मिळते. आपल्याकडं नेमकं उलटं चालतं. बारक्या बेटला लोक कंटाळून पॅक करतात आणि मोठी बेट आली की इरेला पेटून कॉल करतात.

आधी घातलेल्या २७ चा मुद्दा मात्र सरळ खोडून टाकतो. ते २७ पॉटात गेले, ते आता पुतण्याचे नाहीत. पॉट मोठा झाल्यामुळं कॉलची किंमत बदलते, तिथं त्यांचा हिशोब आपोआप होतो. परत मोजायचे नाहीत.

अंबाजोगाईकर_ताई

खडू सर, पटलं. पण आमच्या घरी अडचण वेगळी आहे. माझी नणंद प्रत्येक रिव्हरला लावते. प्रत्येक. पान कुठलंही असो. आणि सासरे आयुष्यात एकदाही खोटं लावलेले नाहीत. दोघांनाही मी निम्म्या वेळा कॉल करू?

फळ्यावरचा_खडू

नाही ताई. निम्म्याचा नियम कधी, तर समोरचा कसा खेळतो याची तुम्हाला काहीच कल्पना नसेल तेव्हा. नणंदबाईंना राजाची जोडी, नव्वीची जोडी, सगळ्यावर कॉल करा. सासऱ्यांना दोन जोड्या असल्या तरी हात जोडून पॅक करा.

अंबाजोगाईकर_ताई

सासऱ्यांना तसंही हात जोडूनच पॅक करते.

रात्रपाळी

वाळूजला कंपनीत आहे, नाव बघून कळलंच असेल. अ‍ॅपं चालू होती तेव्हा बराच खेळलोय, त्या अनुभवावरून दोन गोष्टी.

एक, लहान टेबलावरची माणसं शेवटच्या फेरीत पुरेसं ब्लफ (खोटी बेट) करत नाहीत. फ्लॉपला करतात, कारण अजून पानं यायचीत, काहीतरी लागेल ही आशा असते. रिव्हरला आशा संपलेली असते, फक्त खोटं उरतं, आणि तेवढं खोटं चेहरा न हलवता बोलायला धाडस लागतं. त्यामुळं मोठी बेट आली की मी पुस्तकापेक्षा जास्त पॅक करतो.

दोन, रिव्हरला रेझ. तुम्ही बेट लावलीत आणि समोरच्यानं तिप्पट केली. किंवा तुम्ही त्यांच्या बेटवर रेझ केली आणि त्यांनी परत वाढवली. इथं विचारच करू नका. असा ब्लफ करणारा माणूस मराठवाड्यात जन्मला असेल, पण माझ्या टेबलावर बसला नाही.

गोदाकाठचा

नांदेडहून. सगळे तत्त्वाचं बोलतायत, दाजींची पानं कोणीच मोजली नाहीत. मी बसून मोजली. लांबेल, पण शेवटच्या फेरीचा सगळा बचाव ह्या मोजणीतच असतो.

नियम सोपा. मधे एक नव्वी पडलेली आहे, तर उरलेल्या तीन नव्व्यांतून दोन घ्यायचे तीन मार्ग. असे एकेका हाताचे जे मार्ग असतात त्यांना कॉम्बो म्हणतात.

दाजी पॉटभर लावतील असे खरे दमदार हात: नव्वीचं, सत्तीचं, चव्वीचं त्रिकूट, प्रत्येकी ३, एकूण ९. राजाचं त्रिकूट: एक राजा मधे, एक पुतण्याकडं, उरले दोन, म्हणजे १. एकाच रंगाचे राजा-नव्वी: किल्वर आणि चौकट, २. एकाच रंगाचे नव्वी-सत्ती: तेही किल्वर आणि चौकट, २. एक्का-राजा: दोन राजे गुणिले चार एक्के, ८. एक्क्यांची जोडी: ६. बेरीज २८. राजा-राणी, राजा-गुलाम धरले नाहीत, त्यावर माणूस पॉटभर लावत नाही, फार तर तिसरा हिस्सा लावेल.

ह्या २८ पैकी प्रत्येक हात पुतण्याच्या राजा-दश्शीला हरवतो. म्हणजे त्याचा हात जिंकणारा नाहीच, फक्त खोटं पकडणारा आहे. हे एकदा मान्य केलं की "राजाची जोडी कोण टाकतं" हा प्रश्न गळून पडतो. दाजींकडं खरं असेल तर राजाची जोडी आणि सत्तीची जोडी सारखीच.

आता फसलेले हात, म्हणजे कलर (एकाच रंगाची पाच पानं) किंवा सिक्वेन्स (ओळीनं पाच) होता होता राहिलेले. दोन बदाम मधे होते, तिसरं आलं नाही. बदामाचा एक्का आणि सोबत राणी, गुलाम, दश्शी, अठ्ठी, छक्की, पंजी किंवा तिर्री: ७. बदामातच राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, दश्शी-अठ्ठी, अठ्ठी-छक्की, छक्की-पंजी: ६. झाले १३. मग सिक्वेन्सची वाट बघत बसलेले, दुसऱ्या रंगांतले. गुलाम-दश्शी २ आणि दश्शी-अठ्ठी २ (इस्पिकची दश्शी पुतण्याकडं आहे म्हणून तीनचे दोन), अठ्ठी-छक्की ३, छक्की-पंजी ३. एकूण २३.

दाजींनी सगळे २३ लावले तर ५१ पैकी २३ वेळा पुतण्या जिंकतो. ४५ टक्के, डोळे झाकून कॉल. निम्मेच लावले, समजा ११, तर ३९ पैकी ११, म्हणजे २८ टक्के, पॅक. काटा कुठं बसतो? २८ च्या निम्म्यावर, १४ ला. आता प्रश्न एकच. दाजी २३ फसलेल्या हातांपैकी १४ पेक्षा जास्तींवर ५५ लावतात का?

हुरडा_पार्टी

बाप रे. हे सगळं टेबलावर बसून मोजायचं?

गोदाकाठचा

टेबलावर एवढं नाही हो. टेबलावर दोनच गोष्टी बघायच्या. काय काय फसलंय, आणि माझ्या हातातल्या पानांमुळं त्यातलं किती कमी झालंय. आकडे घरी मोजायचे, मग हळूहळू अंदाज बसतो.

दुसरी गोष्ट जरा उकलून सांगतो. समजा पुतण्याकडं राजा-दश्शीऐवजी दोन गुलाम असते, एक इस्पिक, एक बदाम. तीही जोडी राजापुढं कमीच, तोही हात फक्त खोटंच पकडणारा. दोन्ही हात दाजींच्या खऱ्या हातापुढं हरतात, खोट्यापुढं जिंकतात. वरवर सारखेच. पण मोजा. त्याच्याकडं राजा नाही, म्हणून दाजींकडं राजे जास्त: एक्का-राजा ८ चे १२, राजाचं त्रिकूट १ चे ३, राजा-नव्वी २ चे ३. खरे हात २८ वरून ३५. आणि बदाम गुलाम पुतण्याच्या हातात असल्यानं दाजींचे बदामातले तीन फसलेले हात गेले. दश्शी-अठ्ठीतला एक परत आला, गुलाम-दश्शी दोनच राहिले, हे सगळं धरून फसलेले २१. काटा साडेसतरावर.

म्हणजे राजा-दश्शी घेऊन कॉल करायला दाजींनी २३ पैकी १४ खोटे लावायला हवेत, गुलामांची जोडी घेऊन २१ पैकी १८. पत्त्यांची ताकद तीच, बचावाची ताकद वेगळी. खोटं पकडायचं असेल तर फसलेल्या रंगाचं पान आपल्या हातात नसलेलं बरं. लोक उलटं करतात: "माझ्याकडं पण एक बदाम होतं, म्हणून कॉल केला."

रात्रपाळी

हे लिहून ठेवण्यासारखं आहे. आमच्यातला एकजण बदामाचा एक्का हातात घेऊन मोठ्या तोऱ्यात कॉल करतो, म्हणतो "त्याला कलर असूच शकत नाही." कलर झालेलाच नाही बाबा, फसलाय. तुझ्या हातात एक्का आहे म्हणजे तो ब्लफ करतोय ही शक्यताच तू कमी केलीस. तिसरं बदाम पडलं असतं तर एक्क्यामुळं त्याला कलर असायची शक्यता तरी कमी झाली असती.

तीनपत्ती_काका

आता कुठं कळूलालं. म्हंजी जे पान त्याच्याकडं पाहिजे असं आपल्याला वाटतंय, ते आपल्याकडं नसलं पाहिजे. आन जे पान त्याच्याकडं नसावं वाटतंय ते आपल्याकडं असलं पाहिजे. हे तर आम्ही मेंढीकोटात बी करतोत की, हुकूम कुणाकडं उरला ते मोजत.

गोदाकाठचा

काका, एका ओळीत बसवलंत.

फळ्यावरचा_खडू

पुतण्याच्या "निम्म्या"ला परत येतो. ते कुठून येतं हे बघायचं असेल तर ५२ पानांची गरज नाही, तीन पानं पुरतात. हॅरल्ड कून नावाच्या गणितज्ञानं १९५० साली हा बारका खेळ मांडला. मी अकरावीच्या पोरांना संभाव्यता शिकवताना ऑफ तासाला हाच खेळायला देतो (चिंचोक्यावर, कायद्याचं_बोला साहेब).

गुलाम, राणी, राजा. दोघं खेळणार. दोघांनी एकेक चिंचोका मधे टाकायचा, प्रत्येकाला एक पान. पहिला एकतर चेक करेल, नाहीतर एक चिंचोका लावेल. लावला तर दुसऱ्यानं कॉल किंवा पॅक. पहिल्यानं चेक केलं तर दुसरा लावू शकतो, मग पहिल्याला कॉल किंवा पॅक. वाढवावाढवी नाही. मोठं पान जिंकलं.

तुम्ही दुसरे आहात, समोरच्यानं लावलं. राजा असेल तर कॉल, गुलाम असेल तर पॅक, यात डोकं लागत नाही. राणी असेल तर? राणी म्हणजे पुतण्याची राजा-दश्शी. समोर राजा असेल तर हरणार, गुलाम असेल तर जिंकणार. उत्तर असं की राणीवर तीनपैकी एकदा कॉल करायचा. आता समोरच्याकडं गुलाम आहे धरा. तुमच्याकडं निम्म्या वेळा राजा असेल, निम्म्या वेळा राणी. राजावर नेहमी कॉल, राणीवर तिनातून एकदा: अर्धा अधिक एक-षष्ठांश, म्हणजे दोन-तृतीयांश. पॉटमधे २, बेट १, म्हणजे अर्ध्या पॉटची बेट, आणि वर अर्ध्या पॉटला किती टिकायचं लिहिलं होतं? ६७ टक्के. तेच. "टिकायचं" हे राजा धरून आहे. एकट्या राणीवर दोन-तृतीयांश कॉल करत बसलात तर जास्तीचे चिंचोके देत राहाल.

समोरच्यानं राजावर जितक्या वेळा लावलं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्या वेळा गुलामावर लावायचं. म्हणजे त्याच्या चार बेटांत एक खोटी, आणि तुमच्या कॉलची किंमतही चारातली एकच. दोघं बरोबर खेळले तर पहिल्याला सरासरी अठरा डावांत एक चिंचोका जातो. मागाहून बोलणाऱ्याचा फायदा, बाकी काही नाही. दाजींच्या त्या डावात पुतण्या आधी बोलणारा होता, दाजी मागाहून, हेही विसरू नका.

अंबाजोगाईकर_ताई

पण सर, तिनातून एकदा हे ठरवायचं कसं? मी मनात ठरवायला गेले तर जिंकलेल्या डावानंतर कॉल होतो आणि हरलेल्या डावानंतर पॅक.

फळ्यावरचा_खडू

घड्याळ. सेकंदकाटा २० च्या आत असेल तर कॉल, नसेल तर पॅक. फक्त आधी ठरवायचं आणि मग बघायचं. बघून ठरवायचं नाही.

अंबाजोगाईकर_ताई

नणंदेच्या लक्षात आलं तर ती २० नंतर बेट लावेल 😂

हुरडा_पार्टी

एक शंका. पुतण्यानं रिव्हरला चेक का केलं? स्वतःच १५ लावले असते तर? ५५ ची वेळच आली नसती.

रात्रपाळी

ह्याला ब्लॉक बेट म्हणतात, आणि ह्या दाजींसारख्या माणसापुढं ती बरी पडते. तुम्ही १५ लावले, पॉट ५५. नव्वी घेऊन बसलेला, दश्शीची जोडी घेऊन बसलेला उगाच कॉल करतो, तिथं कमाई. एक्का-राजावालाही बहुतेक नुसता कॉल करतो, म्हणजे ५५ ऐवजी १५ च गेले. आणि दाजींनी वाढवलं तर पॅक. वर म्हटलंच आहे, रिव्हरची रेझ खरी धरायची.

तोटा एवढाच की फसलेला माणूस तुमच्या १५ वर गप पॅक करतो. चेक केलं असतं तर त्यानं खोटं लावलं असतं आणि तुम्ही पकडलं असतं. नणंदबाईंपुढं म्हणून ब्लॉक बेट कधीच नको, त्यांना चेक द्यायचा. आणि समोर कोणी हुशार असेल तर तो तुमचे १५ बघून ओळखतो की हात मध्यम आहे, आणि वाढवून तुम्हाला हाकलतो. सॉल्व्हर (डावाचं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर) वापरून शिकलेली पोरं हेच करतात.

गोदाकाठचा

मध्यम हाताबद्दल आणखी एक. जॉन फॉन नॉयमन ह्या गणितज्ञानं १९२८ च्या लेखात खेळांचं गणित मांडलं आणि १९४४ च्या पुस्तकात पोकरवर एक स्वतंत्र भाग आहे. त्यात निघालेली गोष्ट अशी: लावायचं ते एकदम चांगल्या हातावर आणि एकदम वाईट हातावर. मधल्यावर चेक. कारण मधल्या हातावर मोठं लावलंत तर वाईट हात पळतात आणि चांगलेच तेवढे कॉल करतात. पुतण्याचं चेक करणं म्हणून बरोबरच होतं. पुढच्या कॉल-पॅकवर वाद घाला, चेकवर नको.

येळवस_लातूर

मोजणीवाल्यांना एक विचारतो. ह्या डावात दोघंच उरले होते. तिघं असते तर? आमच्याकडं पॅक कोणी करत नाही, रिव्हरपर्यंत नेहमी तिघं-चौघं असतात.

फळ्यावरचा_खडू

तिघांत ओझं वाटलं जातं. दाजींनी पॉटभर लावलं आणि समोर दोघं असतील, तर दोघांनी मिळून निम्म्या वेळा टिकलं की पुरे. सारखं वाटलं तर प्रत्येकजण १० पैकी ७ वेळा पॅक करू शकतो, कारण ०.७ गुणिले ०.७ जवळपास अर्धा. शिवाय दाजींना दोघांना पळवायचंय हे माहीत असतं, म्हणून ते खोटं आणखी कमी लावतात. तिघांत राजा-दश्शी घेऊन पॉटभर कॉल करायचा विचारही करू नका.

हुरडा_पार्टी

आणि चिंचोके संपले की बाहेर, अशी स्पर्धा असेल तर?

रात्रपाळी

तर आणखी घट्ट. स्पर्धेत जिंकलेले ५५ जेवढे कामाचे त्यापेक्षा हरलेले ५५ जास्त दुखतात, कारण शेवटचा चिंचोका गेला की खेळच संपला. ३३ टक्क्यांची गरज असेल तिथं ३८-४० मिळाल्याशिवाय मी हात लावत नाही. नेमका आकडा बक्षिसांच्या वाटणीवर आणि कोण बाहेर पडायच्या बेताला आहे त्यावर ठरतो.

तीनपत्ती_काका

ते समदं ठीक. दाजी शेंगा फोडूलालते ना? खोटं बोलनाऱ्याचे हात थांबतेत. शेंगा फोडत होते म्हंजी खरं होतं.

रात्रपाळी

काका, असंही असेल. पण एका माणसाच्या चेहऱ्यावरून काढलेला निष्कर्ष त्याच माणसाला पुष्कळदा बघितल्याशिवाय टिकत नाही. दाजी ब्लफ करताना काय करतात हे येळवसभाऊंनी कधी बघितलंय का?

येळवस_लातूर

दाजी ब्लफ करताना पकडलेच गेलेले नाहीत कधी. म्हणजे करत नाहीत, किंवा आम्ही सगळे पॅक करतो म्हणून कळत नाही.

गोदाकाठचा

मग चेहरा सोडा, सवयी सांगा. माझ्या २३ मधे एक गृहीत आहे की दाजी सुरुवातीला एकाच रंगाची अठ्ठी-छक्की, छक्की-पंजी घेऊन ६ करतात. करतात का?

येळवस_लातूर

दाजी? छक्की-पंजी? अहो, ते तसली पानं पूर्ण बघायच्या आधीच फेकतात. नव्वीच्या खालचं जोडीशिवाय काही खेळत नाहीत. एक्क्यासोबत मात्र एकाच रंगाचं काहीही खेळतात, आणि दश्शी-अठ्ठी पण खेळतात, ते मी बघितलंय.

गोदाकाठचा

हे आधी सांगायचं ना. अठ्ठी-छक्कीचे चार आणि छक्की-पंजीचे चार गेले, बदामातले धरून. २३ चे राहिले १५. काटा १४ वर. १५ पैकी १४ फसलेल्या हातांवर पॉटभर लावणारा माणूस पाहिजे.

अंबाजोगाईकर_ताई

थांबा. सत्ती नव्वीच्या खाली आहे. मग नव्वी-सत्ती पण गेली ना? ते दोन तुम्ही खऱ्या हातांत धरलेत.

गोदाकाठचा

बरोबर पकडलंत ताई. खरे २६, काटा १३ वर. १५ पैकी १३.

येळवस_लातूर

पुतण्याला पाठवलं. त्याचं उत्तर आलंय, "नणंदबाईंना पुढच्या वेळेस लातूरला घेऊन या."